पाण्याखालची प्राणप्रतिष्ठा

मूर्ती घडवणे वेगळे आणि मूर्तीत प्राण येणे वेगळे, हा भेद आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतो. कारखान्यातून आणलेला गणपती पाटावर ठेवला तरी तो अजून मातीच असतो. गुरुजी मूर्तीच्या हृदयाला हात लावून मंत्र म्हणतात आणि मग घरातले सगळे, अगदी ती मूर्ती रंगवणारासुद्धा, तिच्यापुढे वाकतात. मेक्सिकोच्या कॅनकून किनाऱ्याजवळ समुद्रात काही वर्षांपासून असे एक काम चालले आहे की तिथे मूर्ती माणूस घडवतो आणि तिच्यात जीव समुद्र घालतो. हे अलंकारिक बोलणे नव्हे, अक्षरशः तसे घडते.

जेसन डीकेअर्स टेलर या ब्रिटिश शिल्पकाराने २००६ साली कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडा बेटाजवळ पाण्याखाली पहिली शिल्पे ठेवली. २००९ पासून कॅनकून आणि इस्ला मुहेरेस या भागात पाण्याखालचे संग्रहालयच उभे राहू लागले. तिथे आज सुमारे ५०० शिल्पे आहेत. त्यांतला सर्वांत मोठा समूह ४०० हून अधिक माणसांचा आहे. साध्या, हयात माणसांच्या अंगावरून साचे घेऊन ती घडवली आहेत. सिमेंट खास प्रकारचे, समुद्रजीवांना न बाधणारे. त्यावर वादळात किंवा माणसाच्या धक्क्याने तुटलेल्या प्रवाळाचे जिवंत तुकडे बसवले जातात. पुढे शेवाळ येते, स्पंज येतात, मासे आसरा घेतात. काही काळाने कोणाचा चेहरा कोणता हे ओळखू येत नाही.

यामागचा हेतू केवळ कलेचा नव्हता. कॅनकूनला लोटणारे पर्यटक तिथल्या नैसर्गिक प्रवाळभित्तीवर उतरत होते. कोणाचा पाय लागे, कोणी हात लावून पाही. गर्दीतला काही भाग तरी दुसरीकडे वळावा म्हणून सागरी उद्यानाच्या अधिकाऱ्यांनी आणि शिल्पकाराने मिळून हा मार्ग काढला. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्यात डोके घालून प्रवाळ पाहिलेल्या वाचकांना ही अडचण वेगळी समजावून सांगायला नको. पाहायला येणाऱ्याचे प्रेमच पाहण्याच्या वस्तूला झिजवते.

प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, झाडही नव्हे. तो प्राणी आहे. अतिशय लहान, एका जागी बसणारा, स्वतःभोवती चुन्याचे घर बांधणारा. मंगळासाठी आपण बोटात घालतो ते पोवळे याच कुळातल्या जिवाने बांधलेले घर असते. असे असंख्य जीव पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या घरावर घर बांधत जातात, तेव्हा प्रवाळभित्ती उभी राहते.

मग त्या शिल्पाचा शिल्पकार कोण? गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि पाचवे दैव. पाच असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो, त्याला नीट दिसत नाही, असा तिथला अभिप्राय आहे. आपण हा भाग स्वाध्यायात वाचतो, मान डोलावतो, आणि बाहेर आल्यावर कार्यक्रमपत्रिकेत आपले नाव कितव्या ओळीत आहे ते पाहतो. इथे मात्र ती पाच कारणे हाताने मोजता येतील इतकी उघड आहेत. समुद्राचा तळ हे अधिष्ठान. शिल्पकार कर्ता आहेच, ते नाकारायचे कारण नाही. सिमेंट, साचे, शिल्प उतरवणारी यंत्रे ही करणे. चेष्टा मात्र शिल्पकारापेक्षा कितीतरी अधिक प्रवाळाची, स्पंजाची, शेवाळ खाणाऱ्या माशांची. आणि दैव म्हणजे वादळ, प्रवाह, त्या वर्षीचे पाण्याचे तापमान. शिल्पकाराने काम पूर्ण केले म्हणून समुद्रात सोडले, असे म्हणता येत नाही. समुद्रात सोडल्यावर ते सुरू होते, आणि तेव्हा त्याचा हात तिथून निघालेला असतो.

हे आमच्या पूर्वजांना आधीच माहीत होते, असा दावा मी करणार नाही. टेलर यांनी गीतेवरून ही कल्पना घेतली असेही नाही. एवढेच की, आपल्याकडचा एक जुना विचार कसाला लावायला हे उदाहरण चांगले सापडले आहे.

कसाला लावायचे तर वाईट उदाहरणही पाहिले पाहिजे. अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ १९७० च्या दशकात सुमारे वीस लाख जुने टायर समुद्रात टाकण्यात आले. हेतू उत्तमच होता: कचऱ्याची विल्हेवाट लागेल आणि टायरांवर जीवसृष्टी वाढून माशांना घर मिळेल. टायरांवर फारसे काही वाढले नाही. ते बांधून ठेवणारे पट्टे आणि चापे गंजून, झिजून तुटली. वादळांत सुटे टायर तळावरून फिरू लागले आणि जवळच्या खऱ्या प्रवाळावर आदळू लागले. २००७ पासून सैन्यदलाचे पाणबुडे उतरवून ते एकेक करून बाहेर काढावे लागले. ज्यांनी ते टाकले त्यांच्या मनात समुद्राविषयी द्वेष नव्हता. त्यांनी समुद्राला विचारले नव्हते, एवढेच. शुद्ध हेतू पुरेसा आहे असे मानणाऱ्या प्रत्येक सेवाकार्याने, आपल्यासुद्धा, हे वीस लाख टायर लक्षात ठेवावेत.

आपणही दरवर्षी पाण्यात मूर्ती सोडतोच. शाडूची मूर्ती पाण्यात विरघळून मातीला मिळते. प्लास्टर ऑफ पॅरिसची तशी विरघळत नाही, दुसऱ्या दिवशी हात-सोंड तुटलेल्या अवस्थेत काठाला लागते. दोन्ही मूर्तींपुढची भक्ती सारखीच असू शकते, पण पाण्याला भक्ती कळत नाही, पदार्थ कळतो. टेलर यांच्या सिमेंटात आणि फ्लोरिडाच्या टायरात फरक आहे तो असा. आपल्या हातची वस्तू दुसऱ्याच्या घरात ठेवायची असेल, तर ती त्या घरातल्यांना सोसते का, हा पहिला प्रश्न. सौंदर्य नंतर.

कॅनकूनच्या संग्रहालयात एक शिल्प आहे, त्याचे नाव ‘श्रोता’ या अर्थाचे आहे. एक आकृती, आणि तिच्या सर्वांगावर कानच कान. कॅनकूनमधल्या विद्यार्थ्यांच्या कानांचे साचे घेऊन ते बनवले. आकृतीच्या आत हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातला ध्वनी टिपणारे यंत्र बसवले होते. ते ठरावीक अंतराने थोडा थोडा वेळ भोवतालचा आवाज नोंदवत असे, आणि त्या नोंदी समुद्रजीवांच्या अभ्यासकांना मिळत. म्हणजे हे शिल्प बोलत नाही, दाखवत नाही, फक्त ऐकते. भक्तीचे नऊ प्रकार सांगताना आपल्याकडे श्रवण पहिले ठेवले आहे, कीर्तन त्यानंतर. क्रम उगाच नसावा.

पण पाण्याखाली ऐकण्यासारखे असते तरी काय? जाक कुस्तो यांनी समुद्राच्या तळाचे जग १९५६ साली चित्रपटातून दाखवले, तेव्हा त्याला नावच ‘मौनाचे जग’ असे दिले होते. प्रत्यक्षात निरोगी प्रवाळभित्ती कमालीची बोलकी असते. मासे गुरगुरतात, टकटक करतात. शेवाळ खाणारे मासे दातांनी खडक खरवडतात, तो आवाज होतो. आणि या सगळ्यांमागे सतत एक तडतड चालू असते, कढईत काहीतरी तळत असल्यासारखी. ती करते बोटाएवढी एक कोळंबी. तिची एक नांगी फार मोठी असते. ती नांगी इतक्या वेगाने मिटते की पाण्याचा झोत सुटून त्यात बुडबुडा तयार होतो, आणि तो बुडबुडा फुटल्याचा तो आवाज. अशा हजारो कोळंब्या एका भित्तीत राहतात. आपला कान पाण्यात नीट काम करत नाही, म्हणून आपण त्या जगाला मौनी म्हटले.

कलेच्या जगात जिवंत प्राण्यांकडून ध्वनी करून घेण्याचे दुसरेही प्रकार आहेत. सेलेस्त बुर्सिए-मुजनो या फ्रेंच कलाकाराने २०१० मध्ये लंडनच्या बार्बिकन केंद्रात चाळीस झेब्रा फिंच पक्षी एका दालनात सोडले. बसायला फांद्यांऐवजी इलेक्ट्रिक गिटार आडव्या ठेवल्या होत्या, दाणापाणी उलट्या ठेवलेल्या झांजांमध्ये. पक्षी तारेवर उतरला की सूर उमटे. ऐकणाऱ्यांना ते आवडले. पक्ष्यांचे हाल झाले असे मी म्हणत नाही. त्यांना खायला होते, उडायला जागा होती. ते संगीत कोणाचेच नव्हते, म्हणून निरहंकारी होते, असेही कोणी म्हणेल. तरी मला त्यात काही खटकते. त्या पक्ष्याला सुराची गरज नव्हती. ती आपली होती. तो तिथे आला नव्हता, आणला गेला होता. ‘श्रोता’ शिल्पाजवळचा मासा स्वतः येतो आणि वाटेल तेव्हा जातो. जिवंत प्राणी कलेत असण्याला माझी हरकत नाही. त्याला निघून जाता येते का, एवढे मी आधी पाहीन.

आता ज्याने मला खरोखर अडवले त्या प्रश्नाकडे येतो. बहुतेक प्रवाळमासे अंड्यातून बाहेर आल्यावर पहिले काही दिवस किंवा आठवडे खुल्या समुद्रात घालवतात. मग त्यांना कायमचे घर शोधायचे असते. अंधारात, अथांग पाण्यात ते घर शोधतात कसे? पुष्कळसे आवाजावरून. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की निरोगी भित्तीचा ध्वनिमुद्रित आवाज जिथे लावला, तिथे ही पिल्ले जास्त आली. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर २०१६ आणि २०१७ साली उष्णतेने प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले, मेले. त्या भित्ती शांत झाल्या. आवाज नाही म्हणून पिल्ले येत नाहीत, आणि पिल्ले येत नाहीत म्हणून आवाज नाही. हे चक्र तोडता येते का, हे पाहण्यासाठी इंग्लंडमधल्या एक्सेटर आणि ब्रिस्टल विद्यापीठांच्या शास्त्रज्ञांनी ऑस्ट्रेलियन सहकाऱ्यांबरोबर लिझार्ड बेटाजवळ मेलेल्या प्रवाळाचे छोटे ढीग रचले. काही ढिगांवर पाण्याखालचे लाउडस्पीकर ठेवून निरोगी भित्तीचे आवाज लावले. काहींवर नुसते दिखाऊ स्पीकर ठेवले. सुमारे चाळीस दिवसांनी, जिथे आवाज होता तिथे माशांची संख्या दुप्पट आणि प्रजाती दीडपट झाल्या होत्या. हा निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. २०२४ मध्ये अमेरिकी व्हर्जिन बेटांजवळच्या अशाच प्रयोगात एका जातीच्या प्रवाळाची पिल्लेसुद्धा आवाज असलेल्या जागी सरासरी १.७ पट अधिक रुजलेली दिसली. प्रवाळाला तर कान नसतात.

आमच्या अभ्यासवर्गात हा प्रयोग सांगितला तेव्हा बहुतेकांच्या चेहऱ्यावर कौतुक होते. मागे बसलेल्या एका तरुण कार्यकर्त्याने मात्र विचारले, “म्हणजे माशांशी खोटे बोलायचे?”

वर्गात हशा झाला. मला तो हसण्यावारी नेण्याचा प्रश्न वाटला नाही. तिथे भित्ती जिवंत नाही. तरी ती जिवंत आहे, असा आवाज आपण लावतो. पिल्लू त्यावर विश्वास ठेवून आयुष्यभराचे घर निवडते. तितर धरायला पिंजऱ्यात दुसरा तितर ठेवतात. त्याच्या हाकेला रानातला तितर येतो आणि फसतो. यंत्र वेगळे, युक्ती तीच.

माशाला खरे-खोटे कळत नाही, मग असत्य कसले, हे एक उत्तर वर्गात लगेच आले. ते टिकत नाही. असत्य ऐकणाऱ्याच्या बुद्धीवर ठरत नसते. झोपेत असलेल्या बाळाला दिलेला शब्दही शब्दच असतो. दुसरे उत्तर आले की हेतू चांगला आहे. त्या उत्तराचे काय होते, ते आपण टायरांच्या बाबतीत पाहिले.

मला वाटते, त्या आवाजाला वर्णन न मानता आवतण मानले पाहिजे. “इथे भित्ती आहे” असे वर्णन असेल तर ते खोटेच. पण आवतण हे पुढच्या वेळेविषयी असते. जेवायचे आवतण देताना चूल अजून पेटलेलीही नसते, आणि तरी ते आवतण खोटे नसते. ते खरे की खोटे हे पाहुणा आल्यावर ताटात काय पडते त्यावर ठरते. आलेल्या माशांमुळे शेवाळ खाल्ले जाते, नव्या प्रवाळाला रुजायला जागा मोकळी होते, आणि त्या ढिगाला पुन्हा भित्ती होण्याची संधी मिळते. म्हणजे पाहुणेच स्वयंपाकाला हातभार लावतात. पण पाणी तापतच राहिले, वरून गाळ आणि मैला येतच राहिला, तर त्या स्पीकरमध्ये आणि पिंजऱ्यातल्या तितरात काही फरक उरत नाही. हाकेचे सत्य हाक मारणाऱ्याच्या पुढच्या वागण्यात असते.

इथे प्राणप्रतिष्ठेचा विधी आठवण्यासारखा आहे. आपण आवाहन करतो ते एकट्याने सुटे उभे नसते. आवाहनानंतर आसन, पाद्य, अर्घ्य, स्नान, नैवेद्य असे उपचार ओळीने येतात. बोलावले म्हणजे बसायला दिले पाहिजे, पाय धुवायला पाणी दिले पाहिजे. गणपती घरात असेपर्यंत आपल्याकडे दाराला कुलूप लावत नाहीत. कोणीतरी घरी राहतेच. नोकरीला रजा नसते, मुलांची शाळा असते, तरी कोणा काकूला, शेजारच्या आजींना विनवून घर उघडे ठेवतात. विधीतल्या मंत्रांचा अर्थ अनेकांना सांगता येणार नाही, पण हा नियम कोणाला शिकवावा लागत नाही. मला त्या कुलपाच्या नियमात मंत्राइतकेच अध्यात्म दिसते.

आणि हाच नियम आपल्या कामांना लावला तर थोडे अवघड जाते. आषाढात आपल्या किती शाखांनी किती रोपे लावली याचे आकडे अहवालात असतात, छायाचित्रे असतात. पुढच्या वैशाखात त्यांतल्या किती रोपांना कोणी पाणी घातले, हा रकाना मी तरी कोणत्या अहवालात पाहिलेला नाही. रोप लावणे हेही आवाहनच आहे. नुसत्या रोपाला नव्हे, त्यावर पुढे घरटे करणाऱ्या पक्ष्याला, त्या पक्ष्यावर जगणाऱ्याला. खड्डा खणून फोटो काढून निघून जाणे म्हणजे गणपती बसवून दाराला कुलूप घालून गावाला जाण्यासारखे आहे. वर्षाला हजार झाडे लावण्यापेक्षा चाळीस लावून पाच वर्षे तिथे राहावे, असे माझे मत आहे. वरच्या बैठकीत ते फारसे आवडणार नाही हे जाणून लिहितो आहे.

तमिळनाडूत तूत्तुकुडीजवळ मन्नारच्या आखातातले वान बेट लाटांनी झिजून लहान होत चालले होते. तिथे २०१५ नंतर काँक्रीटचे हजारो पोकळ ठोकळे तळावर मांडण्यात आले. लाटांचा जोर मोडावा आणि त्यावर प्रवाळ, मासेही वसावेत म्हणून. त्याला कोणी शिल्प म्हणत नाही. ठोकळे देखणे नाहीत, त्यांना चेहरे नाहीत. पण बेटाला टेकू मिळाला आणि माशांना आडोसा. कॅनकूनच्या चेहऱ्यांपेक्षा मला हे कमी आध्यात्मिक वाटत नाही, कदाचित थोडे जास्तच वाटते.

तरीही सगळ्यांच्या वर उष्णता आहे. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभर प्रवाळ पांढरे पडण्याची चौथी मोठी लाट जाहीर केली. ती मूर्तीवर वाढलेल्या प्रवाळाला आणि खडकावरच्या प्रवाळाला वेगळे करत नाही. ज्या घरात पाहुण्याला बोलावतो आहोत तेच घर आपण तापवतो आहोत. मग बोलवावे की नाही? त्या तरुणाने वर्ग संपल्यावर हेही विचारले. मी म्हटले, बोलवावे, कारण न बोलावता ती जागा मेलेलीच राहील. पण बोलावणाऱ्याने आपली गाडी, आपली वीज, आपल्या उत्सवाचा मांडव यांकडे आधी पाहावे. त्याचे समाधान झाले नाही. माझेही पूर्ण झालेले नाही.

त्याचा शेवटचा प्रश्न व्यवहाराचा होता: स्पीकर बंद कधी करायचा? चाळीस दिवसांचा प्रयोग संपला की यंत्रे उचलतात, पण खऱ्या कामात उत्तरपूजा केव्हा? विचार केल्यावर लक्षात आले की याचे उत्तर पुन्हा ऐकूनच मिळेल. स्पीकर थोडा वेळ थांबवायचा आणि हायड्रोफोन चालू ठेवायचा. कोळंबीची तडतड आणि माशांची गुरगुर आपोआप ऐकू येऊ लागली, तर यंत्र वर काढता येते. ऐकू आली नाही, तर तिथेच थांबायचे.